तहानेच्या शब्दात पाणी नाही

आबांना दिवसभरात सगळं मिळून अर्धा लिटर पाणी द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सोलापुरात एप्रिल संपत आला होता. सगळं मिळून म्हणजे चहा, आमटी, ताक, गोळ्या गिळायला लागतं ते, सगळं. मी म्हटलं, "डॉक्टर, एप्रिल आहे हो." ते म्हणाले, "किडनीला एप्रिल-मे कळत नाही." माणूस वाईट नव्हता, पण त्या एका वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. त्याच्या केबिनमध्ये एसी होता.

आबा म्हणजे माझे वडील. साखरेनं त्यांच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस व्हायचं. यंत्र रक्त धुवायचं आणि अंगात साठलेलं पाणी ओढून घ्यायचं. मधल्या दिवसांत मात्र प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. लघवी जवळजवळ बंद झालेली. जे पोटात जाईल ते अंगातच राहायचं, आधी पायांवर सूज, मग पोट, आणि फारच झालं तर फुप्फुसात. फुप्फुसात गेलं की खेळ खलास. म्हणून पाणी मोजायचं. ते मोजायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात मी एकटीच शिकलेली आणि मी एकटीच खाष्ट. खाष्ट हा शब्द आईचा.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळं आई-आबांच्याच घरात राहिले. पोरं मला घाबरतात, प्राचार्यही थोडे घाबरतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, हे आबांकडून आलंय.

आबा शहराच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. त्यात कमरेइतकी उंच लोखंडी चावी घालून फिरवायची की एका पेठेला पाणी सुरू, उलटी फिरवली की बंद. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. तीन दिवसांनी येतं, चार दिवसांनी येतं, कधी पाचव्या दिवशीही येत नाही. त्यामुळं चावीवाला म्हणजे साधा माणूस नव्हे. आबा सायकलला चावी बांधून गल्लीत शिरले की बायका ओट्यावर यायच्या. बंद करायच्या वेळेला तर त्यांच्याभोवती घोळका. "आबा, पाच मिनिटं वाढवा की!" "आबा, माझं बॅरेल निम्मंच भरलंय की वो!" आबा घड्याळ बघायचे आणि चावी फिरवायचे. कुणी शिव्या द्यायचं, कुणी हात जोडायचं. आबा एवढंच म्हणायचे, "फुडल्या गल्लीचं पाणी हाय त्ये. माजं न्हाय."

आमच्या घरालाही तोच कायदा. आमची घागर अर्धी राहिली तरी चावी फिरायची म्हणजे फिरायची. मला त्याचा इतका अभिमान होता की विचारू नका.

आई मात्र वेगळ्या मातीची. ती दुधनीकडची, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातली, बोलताना निम्मं कन्नड. आबांनी पुढच्या रस्त्यावर पाणी बंद केलं की ही मागच्या दारानं शेजारणीला आपल्यातली घागर द्यायची. आबांना हे ठाऊक होतं. ते कधी तिला "दे" म्हणाले नाहीत आणि "देऊ नको" असंही म्हणाले नाहीत. मागच्या दाराकडं ते बघायचेच नाहीत.

आबांच्या त्या कडकपणाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. त्यांचा आजा गावात आडाच्या काठापासून लांब ओंजळ धरून बसायचा. कुणी वरून ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर तशीच ओंजळ घेऊन परत. "आज्याच्या ओंजळीत वरनं वतायचे," आबा म्हणाले होते, "आन् मी अख्ख्या पेठंची चावी फिरवतुया. आपल्या हातनं कुणाला कमी न्हाय, कुणाला जास्त न्हाय." पगाराच्या नोकऱ्या आमच्या नात्यात पुष्कळांनी केल्या. पण पाण्याची चावी हातात आलेले आबा एकटेच. निवृत्त झाले त्या दिवशी ते चावी सोडून आले आणि जेवले नाहीत.

आणि आता चावी माझ्या हातात होती.

पद्धत मी लावली. सकाळी एका छोट्या स्टीलच्या तांब्यात मापानं अर्धा लिटर भरायचं आणि आबांच्या खिडकीत ठेवायचं, वर वाटी झाकून. दिवसभर त्यांनी त्यातूनच प्यायचं. चहा दिला की तांब्यातलं कपभर पाणी मी काढून घ्यायचे. आमटी वाढली की काढून घ्यायचे. त्यांच्या डोळ्यांसमोर काढायचे, म्हणजे हिशेब त्यांनाही दिसावा. डायलिसिस सेंटरमधल्या नर्सला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारखं घर सगळ्यांना मिळायला पाहिजे." मी खूश झाले. आता वाटतं, त्या बाईच्या तोंडावर तांब्या आपटायला हवा होता.

पहिले काही दिवस आबांनी माझी शिस्त मानली. ती त्यांचीच तर शिस्त होती. ते घोट तोंडात घेऊन फिरवत बसायचे, गिळायचे नाहीत, मग हळूच गिळायचे. मी लिंबाची फोड चोखायला द्यायचे. बर्फाचा खडा द्यायचे, तोही मापात धरून. चूळ भरायला पाणी दिलं तर बाहेर टाकायचं कमी आणि आत जायचं जास्त, म्हणून चूळही बंद केली. मे लागला. शेजारच्या पत्र्यांवरून तापून आलेला वारा घरात शिरला की भांडीसुद्धा तापायची. आबांची जीभ पांढरी पडली, टाळूला चिकटायला लागली, बोलताना चट् चट् आवाज यायचा. ओठांना मी तूप लावायचे. "तूप कशाला लावतीस," ते म्हणायचे, "पाणी लाव की."

आणि घरात पाणी किती होतं! हे बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही. ज्या गावात चार दिवसांनी पाणी येतं, त्या गावातलं प्रत्येक घर पाण्यानं भरलेलं असतं. मोरीत बॅरेल, स्वयंपाकघरात पिंप, पलंगाखाली कॅन, गच्चीवर टाकी, डबे, हंडे, कळश्या. आबांच्या खाटेवरून हात लांब केला तर हाताला पाणी लागेल अशी स्थिती. त्या पाण्याच्या मधोमध माझा बाप पाणी पाणी करत पडला होता.

डायलिसिसला चार तास लागायचे. आबा खाटेवर, हातात सुया, डोळे मिटलेले. मी बाजूच्या स्टुलावर. मोबाइलवर किती बघणार? एम. ए.च्या वर्गाला मी इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवत होते, त्याची तयारी तिथं करायचे. आणि खरं सांगते, दुसरं डोक्यात काही शिरेचना म्हणून मी एकच शब्द धरून बसले. तहान. इंग्रजीतला थर्स्ट.

इंग्रजीत थर्स्ट, जर्मनमध्ये डुर्स्ट, स्वीडिशमध्ये तोर्स्त. ही सगळी चुलत भावंडं. त्यांच्या मूळपुरुषाचा शब्द विद्वानांनी मागं मागं जात बांधून काढला आहे: थुर्स्तुझ. अशा शब्दाच्या आधी एक छोटी चांदणी छापतात. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही. ना दगडावर, ना कातड्यावर. बोलणारे मेले, त्यांच्या भाषेतली एक ओळ उरली नाही. नातवंडांच्या तोंडात जे उरलं त्यावरून आजोबांचा शब्द असा असा असावा, असं ठरवलेलं. मी वर्गात हे समजावताना नेहमी सांगते, आमच्या घरात पणजोबांचा फोटो नाही. आमच्या लोकांचे फोटो काढायला तेव्हा कोण येत होतं? पण सगळी चुलत भावंडं एका रांगेत उभी केली की त्यांच्या नाकांवरून पणजोबांचं नाक सांगता येतं. पोरं हसतात, आणि त्यांच्या लक्षात राहतं.

ते थुर्स्तुझ म्हणणारे लोक युरोपच्या वरच्या अंगाला राहत होते, बर्फाच्या, नद्यांच्या मुलखात. त्यांनाही तहान लागत होतीच. पण त्यांचा शब्दही त्यांचा स्वतःचा नाही. तो त्याहून जुन्या एका धातूपासून आला, तेर्स. तेर्स म्हणजे वाळणं, सुकणं, कोरडं पडणं. त्या धातूची एक फांदी तिकडं गेली, तिथं 'त'चा 'थ' झाला, आपल्या 'त्रि'चं त्यांच्याकडं 'थ्री' झालं तसा. दुसरी फांदी आपल्याकडं आली: तृष्, तृष्णा, पालीत तण्हा, आणि घासून घासून मराठीत तहान. म्हणजे थर्स्ट आणि तहान, सख्खी नाही तरी चुलत-चुलत बहिणी. आणखी एक फांदी लॅटिनमध्ये गेली, तिथं जमिनीला त्यावरून शब्द पडला, टेरा, कोरडी ती जमीन. भाजून कोरडा केलेला टोस्टसुद्धा त्याच घराण्यातला. सेंटरमध्ये चार तासांनंतर आबांना चहाबरोबर टोस्ट मिळायचा. ते तो हातात धरून बसायचे. चहाचा कप अर्धा, आणि टोस्टनं त्यातला निम्मा चहा पिऊन टाकलेला.

हे वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या सगळ्या घराण्यात पाणी कुठंच नाही. थुर्स्तुझमध्ये नाही, तृष्णेत नाही, तहानेत नाही. आहे ते फक्त वाळणं. माणसांनी हजारो वर्षं घसा कोरडा पडल्यावर जो शब्द उच्चारला, त्यात पाण्याचा थेंब नाही. मागायचंय पाणी आणि तोंडातून येतोय फुफाटा. मला वाटलं, हे आबांना सांगावं. का वाटलं कुणास ठाऊक. शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

रिक्षातून घरी येताना मी सांगितलं. चांदणी, बर्फ, वाळणं, सगळं. आबांनी ऐकून घेतलं. रिक्षा सिग्नलला थांबली होती, बाजूला उसाच्या रसाचा गाडा, घुंगरू वाजत होते. आबा तिकडं बघत म्हणाले, "बरं मग? काय करायचंय त्या शब्दाला? त्यानं घसा वला हुतोय का?"



घरी आईला पण सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आमच्यात तहानंला नीरडिके म्हणत्यात."

"आणि नीरु म्हणजे?" मी मुद्दामच विचारलं.

"नीरु म्हंजे पाणी. एवढं बी ठाव न्हाय व्हय गं, प्रोफेसरीण?"

म्हणजे आईच्या शब्दात पाणी होतं. कन्नड दुसऱ्याच घराण्यातली भाषा, तिला आमच्या त्या कोरड्या धातूशी काही देणंघेणं नव्हतं. मला मौज वाटली, मी ते वर्गात सांगायचं म्हणून मनात ठेवलं. त्या वेळी मला त्यात मौजेशिवाय काही दिसलं नाही.

मे अर्धा सरला तसे आबा बदलले. माणूस भुकेनं रागावतो, तहानेनं लहान होतो. ते माझ्या पावलांचा अंदाज घ्यायला लागले. मी मोरीत गेले की "पोरी, तितंच हाईस तर घोटभर आण की." मी भांडी घासायला लागले की नळाच्या आवाजाकडं कान. वजनकाट्यावर उभं राहायच्या आधी चेहरा पडायचा, कारण वजन वाढलं की सेंटरमधला टेक्निशियन आणि मी दोघंही ओरडायचो. विहारात लहानपणापासून ऐकलं होतं, तण्हा हे दुःखाचं मूळ, तण्हा सोडा. एका रविवारी कुणीतरी भेटायला आलं आणि आबांना तेच समजावत बसलं. वर पाहुणा म्हणून आईनं दिलेलं पेलाभर पाणी घटाघटा प्यालं. मी त्या माणसाला दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "काका, परत येऊ नका." ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

मग ती दुपार. तांब्या सकाळीच संपला होता. मी त्यांच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. आबा म्हणाले, "दोन घोट वाढव की."

"नाही आबा. संध्याकाळी गोळीबरोबर देईन."

"पाच मिनिटं वाढव की गं."

त्यांच्या लक्षात आलं का नाही, मला कळलं नाही. पण मला ते शब्द ओळखू आले. साऱ्या पेठेच्या बायकांचे शब्द. मी घड्याळाकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, अगदी त्यांच्यासारखंच बघितलं. आणि म्हटलं, "नाही."

तेव्हा आबा खाटेवर उठून बसले आणि त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली. पुढं धरली. सुयांनी काळेनिळे झालेले हात.  माझ्या तोंडाकडं बघत, ओंजळ धरून बसले.

मला रडू फुटलं. मी त्यांच्या ओंजळीत तोंड घातलं आणि हमसून हमसून रडले. "आबा, असं करू नका हो, असं नका करू." पाणी मात्र दिलं नाही. त्यांनी थोड्या वेळानं ओंजळ सोडली आणि माझे डोळे पुसले. पुसलेलं बोट त्यांनी जिभेला लावलं. "खारट हाय," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं नाही. मला वाटलं, समजूत पटली.

आठवड्याभरानं पाण्याचा दिवस आला. चार दिवस नळ कोरडा होता, त्या दिवशी दुपारी पाणी येणार होतं. मला परीक्षेची ड्युटी, त्यामुळं मी कॉलेजात. सोलापुरात पाणी यायच्या दिवशी घराघरात काय चालतं ते सांगायला हवं. नवं पाणी आलं की जुनं ते शिळं. मागच्या खेपेचं उरलेलं पाणी कुणी ठेवत नाही, ते झाडांना, अंगणात, रस्त्यावर ओतायचं, भांडं घासायचं, आणि ताजं पाणी काठोकाठ भरायचं. टंचाईच्या गावात हे बघून बाहेरच्यांचं डोकं फिरतं. चार दिवस थेंब थेंब जपलेलं पाणी नळ आला की भसाभस ओतून देतात. पण आहे रीत. बायकांचे हात डोकं न वापरता ते करतात. आईनं जन्मभर केलं.

मी पाचच्या सुमाराला घरी आले. अंगण ओलं होतं, जास्वंदीच्या बुडाला पाणी साचलेलं. सगळी भांडी भरून झाकलेली. आबा खिडकीत टेकून बसले होते आणि, काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला होता. ओठ ओले होते. मला बघून हसले. कित्येक दिवसांत हसले नव्हते. म्हणाले, "आलीस व्हय? दमलीस की गं."

आणि खिडकीत तो तांब्या होता. घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला.

सकाळी मी माप घातलं तेव्हा तो गळ्यापर्यंतही नव्हता.  मी स्वयंपाकघरात गेले. "आई, आबांचा तांब्या कुणी भरला?"

"पाणी आलं न्हवं का," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "समदंच भरलं."

मला सगळं कळलं, असं मला वाटलं. आईनं सवयीनं त्यांच्या तांब्यातलं पाणीही शिळं म्हणून जास्वंदीला ओतलं, तांब्या घासला आणि कळश्या भरता भरता तोही भरून ठेवला. आबा ते प्यायले असणार. तिनं परत भरला असणार. मी आबांना विचारलं, "किती प्यायलात?" ते म्हणाले, "मला काय ठाव? तांब्या तुजा, माप तुजं." आणि पुन्हा हसले. मी रागानं तांब्या मोरीत पालथा केला. डायलिसिस परवावर होतं. मनात म्हटलं, एवढ्यानं काही होत नाही.

पहाटे त्यांना आडवं झोपता येईना. सकाळी श्वासाबरोबर घरघर ऐकू यायला लागली, हुक्क्यासारखी. दवाखान्यात नेईपर्यंत नखं निळी. यंत्रावर घेतलं, पण रक्तदाब इतका खाली गेला होता की यंत्र चालवता येईना. दुपारी आबा गेले. त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी जास्त गेलं का काल?" आई माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही. मापातच होतं." तिच्या हाताच्या सवयीनं हे झालं, हे तिला आयुष्यभर कळू द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. त्या चार दिवसांत मी रडले नाही, कारण मला ते गुपित सांभाळायचं होतं. आई समोर आली की मी दुसरंच काहीतरी बोलायचे. मला वाटायचं, मी तिला वाचवतेय.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. आमच्यात माणूस गेल्यावर हा विधी करतात. ताटात वाटी ठेवायची, घरच्यांनी मिळून तांब्या धरायचा आणि भंतेजींची गाथा चालू असेतो बारीक धार वाटीत सोडायची. धार तुटू द्यायची नाही. वाटी भरली तरी थांबायचं नाही. ती भरून वाहायला हवी, ताटात उतरायला हवी. जितकं वाहील तितकं पुण्य गेलेल्याला पोचतं.

आईनं विधीला तोच तांब्या काढला होता. मी तिच्या हाताला हात लावून तो धरला. विहारात असतात तेच दोन फोटो भिंतीवर, तिसरा खाली आबांचा, निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला. वाटी भरली. वाहायला लागली. ताट भरत चाललं. भंतेजी थांबेनात, धार थांबेना. मी त्या वाहणाऱ्या पाण्याकडं बघत होते आणि आत काहीतरी किंचाळत होतं, बस करा, अरे, जिवंत होता तेव्हा द्यायचं होतं हे! मेलेल्या माणसाला काठोकाठ, आणि जित्याला माप!

विधी उरकला, माणसं जेवून गेली. ताटातलं पाणी आईनं जास्वंदीला घातलं. मी मागच्या पायरीवर बसले होते. ती येऊन शेजारी बसली. बराच वेळ पदराशी खेळत राहिली आणि मग म्हणाली, "तुला वाटतंय तसं शिळं म्हणून न्हवतं वतलं मी."

मला काही कळेना. "काय?"

"तांब्यातलं. वतायला त्यात ऱ्हायलंच काय हुतं? त्यानी मागितलं, मी दिलं. संपलं, परत भरलं. परत दिलं. पोट भरंस्तवर दिलं." ती शांत होती. "घोट घ्येतला की डोळं मिटायचे. बाळ पितंय तसं. एकदा तर म्हणले, गार हाय गं. ताजं हाय."

"आई, तुला माहीत होतं ना काय होईल ते?"

"व्हय. त्यास्नी बी म्हाईत हुतं."

 किती दिवस मी तिला जपत होते आणि ती मला जपत होती. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत? मी घरी येईपर्यंत थांबायचं होतं. मी पण…" आणि पुढचं मला बोलता येईना. मी पण काय? मी दिलं असतं? नसतं दिलं. आईलाही ते ठाऊक होतं. आजही, इतकं सगळं होऊन, तांब्या माझ्या हातात असेल आणि आबा समोर बसले असतील, तर मी मापानंच देईन. माझा इलाज नाही.

"म्या म्हणलं हुतं त्यास्नी," आई म्हणाली, "पोरीला यिऊ द्या, तिला सांगून प्या. तर म्हणले, नगं. दार लाव म्हणले. पोरीला कळू दिऊ नगं."

ती उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिले. मागचं दार उघडं होतं, त्याच दारातून ती शेजारणींना घागरी द्यायची. आबांचा आजा परक्या आडापाशी ओंजळ धरून बसायचा, पण तोसुद्धा दार लावून पाणी प्यायल्याचं आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. आबा आयुष्यात एकदाच चोरून पाणी प्यायले. घर त्यांचं, नळ त्यांचा, पेठ त्यांची. लपायचं होतं ते फक्त माझ्यापासून.